मातकट आणि कुबट

आमच्या वासाच्या खोलीत सकाळी दहाला पहिला ट्रे येतो. पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते ग्लास, प्रत्येकावर काचेचं बशीसारखं झाकण, खाली तीन आकडी क्रमांक. व्हिस्की कुठल्या डिस्टिलरीची, किती वर्षांची, कुठल्या पिंपातली, यातलं काही नमुन्यावर लिहिलेलं नसतं. पाणी घालून ती वीस टक्क्यांवर आणलेली असते, कारण त्याहून तीव्र असली की अल्कोहोल नाकाला झोंबतं आणि बाकीचे वास मागे राहतात. झाकण सरकवायचं, एक छोटा श्वास घ्यायचा, झाकण परत ठेवायचं आणि लिहायचं. चाखायची वेळ क्वचित येते. खोलीत येण्याआधी कॉफी प्यायची नाही, अत्तर लावायचं नाही, हाताला वासाचं क्रीमसुद्धा चोळायचं नाही. धुरकट नमुने नेहमी शेवटी ठेवतात. तो धूर एकदा नाकात बसला की नंतरच्या नाजूक नमुन्यांवर अन्याय होतो.

ग्लासगोजवळच्या एका कंपनीत हे काम करायला लागून मला अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली दोन वर्षं मी त्या शेवटच्या ग्लासांशी खोटं बोलत होते. ते खोटं कसं उघडं पडलं आणि त्यातून मी काय शिकले, ते मला सांगायचं आहे.

मी मूळची संगमेश्वर तालुक्यातली. रत्नागिरीत रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, मुंबईत सूक्ष्मजीवांच्या प्रयोगशाळेत काही वर्षं काढली आणि मग एडिंबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठात मद्यनिर्मितीचा अभ्यासक्रम पुरा केला. आईला हे कधी पटलं नाही. “एवढं शिकून शेवटी दारूच्या कारखान्यात?” असं ती एकदाच म्हणाली, पण ते माझ्या मनातून गेलं नाही. आमच्या वाडीत दारूपायी मोडलेले संसार तिने जवळून पाहिलेत. तिच्या त्या प्रश्नावर मी आजवर वाद घातलेला नाही. पितेस का, असं तिने विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं: कामावर मी वास घेते, आणि दिवसाकाठी जे जिभेवर येतं तेही थुंकून टाकते.

स्कॉच व्हिस्कीला धूर कुठून येतो, हे आधी सांगायला हवं. तो पिंपातून येत नाही, धान्यातून येतो. बार्ली, म्हणजे आपलं सातू, भिजवून त्याला मोड आणतात आणि मग ते भट्टीवर वाळवतात. ते ओलं असतानाच खाली पीट जाळलं, तर धूर टरफलांना चिकटतो. पीट म्हणजे दलदलीत साचलेलं शेवाळ, गवत आणि झुडपं. पाण्याखाली हवा न मिळाल्याने ती पुरती कुजत नाहीत, थरावर थर चढत जातात. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर, असा त्याचा वेग सांगतात. म्हणजे मीटरभर खोल खणलं, तर हजारेक वर्षांपूर्वीचं गवत हाती येतं. पाच वर्षांच्या कोवळ्या व्हिस्कीला वास असतो तो अशा जुन्या गवताचा.

धुरात फिनॉल नावाची संयुगं असतात. क्रेसॉलला दवाखान्याचा वास, ग्वायकॉलला जळक्या लाकडाचा. माल्टमध्ये, म्हणजे या मोड आणून वाळवलेल्या सातूमध्ये, ती किती आहेत हे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, असं मोजतात. तीस-पस्तीस म्हणजे चांगलाच धूर. आर्डबेग डिस्टिलरीचं माल्ट पंचावन्नच्या आसपास असतं. ब्रुइक्लॅडी डिस्टिलरीची ऑक्टोमोर ऐंशीच्या पुढेच सुरू होते आणि तिच्या 2017च्या एका आवृत्तीच्या माल्टमध्ये हा आकडा तीनशेच्या वर गेला होता. पण हा आकडा माल्टचा असतो, ग्लासातल्या व्हिस्कीचा नाही. दळताना, भिजवताना, ऊर्ध्वपातन करताना त्यातला मोठा वाटा गळून जातो. किती उरतो, ते मधला भाग कुठे तोडला यावर ठरतं. तांब्याच्या भांड्यातून येणाऱ्या धारेचा पहिला भाग बाजूला काढतात, शेवटचाही काढतात आणि मधला तेवढा पिंपात जातो. फिनॉल धारेत उशिरा येतात. धार थोडी आणखी चालू ठेवली तर धूर वाढतो, पण त्याच्यामागून घामट, चामड्यासारखे वास शिरतात. म्हणूनच लागाव्हुलिन आणि कल ईला या दोन डिस्टिलऱ्या साधारण सारख्याच धुराचं माल्ट वापरत असल्या, तरी त्यांची व्हिस्की एकीसारखी दुसरी नसते.

मग ती ओकच्या पिंपात राहते. कायद्याने निदान तीन वर्षं राहावंच लागतं, त्याशिवाय तिला स्कॉच म्हणता येत नाही. वर्षं जातात तसा लाकडाचा गोडवा चढतो आणि धूर मागे सरतो. वीस वर्षांनी तो शेजारच्या घरातून आल्यासारखा लागतो. कोवळ्या व्हिस्कीत मात्र धूर समोर उभा असतो. लाकडाला अजून काही झाकता आलेलं नसतं. सातू कसं होतं, भट्टी कशी पेटली होती, धार कुठे तोडली, हे सगळं तिच्यात उघडं असतं. आमच्या कामात म्हणून कोवळी धुरकट व्हिस्की तपासणं सोपं मानतात. मलाही ते सोपं वाटायचं.

आम्हाला शब्दांची एक यादी दिलेली असते. नवीन माणसाची तयारी त्याच यादीवर होते. धुराच्या रकान्यात डांबर, औषध, राख, भाजलेलं मांस, माती असे शब्द, आणि पिंपाच्या दोषांचा रकाना वेगळा, पान उलटून मागे. यादी चांगली आहे. तिच्यामुळे दहा माणसं एकाच वासाबद्दल बोलू शकतात. माझी अडचण अशी होती की, त्यातले निम्मे वास मी त्या यादीतूनच पहिल्यांदा शिकले होते. हेदर कसं फुलतं, समुद्रकाठची शेकोटी स्कॉटलंडमध्ये कशी असते, मला कुठून माहीत असणार? शेजारी बसलेले लोक सहज बोलत आणि मी त्यांचे शब्द घेऊन माझ्या वासावर बसवत असे. बहुतेक वेळा ते बसतही.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात पाच वर्षांच्या धुरकट व्हिस्कीची पिंपं तपासायला आली. पहिल्या चाळणीला प्रत्येक पिंपाचा नमुना दोघांच्याच नाकाखालून जातो. चारशे सतरा क्रमांकाचं झाकण सरकवलं, तर आधी नेहमीचा धूर आला आणि त्याच्या खालून पावसाळ्यातलं आमचं माजघर आलं. श्रावणात दोरीवर तीन-तीन दिवस लटकत राहिलेली, वाळल्यासारखी वाटणारी पण न वाळलेली चादर नाकाशी धरली की येतो, तो वास. मनात एकच शब्द उमटला: कुबट.

मी तो लिहिला नाही. यादीत धुराच्या रकान्यात ‘माती’ होतं, त्याच्यावर खूण केली आणि पुढच्या ग्लासाकडे वळले. दुसऱ्या परीक्षकाने नुसतं ‘धूर, चांगला’ असं लिहिलं होतं. पिंप पास झालं.

मराठी माणसाला मातकट आणि कुबट यांतला फरक सांगावा लागत नाही. उकरलेल्या बटाट्याला, माठातल्या पहिल्या पाण्याला येतो तो मातकट वास. त्यात काही वाईट नाही. कुबट वासाला मात्र कोंडलेली ओल लागते, हवा न लागलेली जागा लागते. माझ्या आजीने तर यातही पायऱ्या केल्या होत्या. कपडे कुबट, भाकरी बुरसट, तेल खवट आणि कल्हई गेलेल्या भांड्यातलं ताक कळकलेलं. वासावरून काय बिघडलं आणि का बिघडलं हे ओळखायचं शिक्षण मला प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी त्या स्वयंपाकघरात मिळालं होतं. ते त्या दिवशी मी वापरलं नाही.

ती पिंपं एकत्र ओतली गेली. मिश्रण पाण्याने उतरवल्यावर तो वास वर आला आणि या वेळी खोलीतल्या प्रत्येकाला आला. रिकामं पिंप ओलीत पडून राहिलं की लाकडात बुरशी धरते. तिच्यातून येणारी काही संयुगं अब्जांशाहूनही कमी प्रमाणात नाकाला कळतात, त्यामुळे एक खराब पिंप सगळा लॉट नासवू शकतं. राखून ठेवलेले नमुने पुन्हा काढले आणि तासाभरात चारशे सतरा सापडलं. कागदावर माझी सही होती.

आमच्या पॅनेलचे प्रमुख स्कॉटलंडच्या आयला बेटावरचे. त्यांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, “तुला हा वास तेव्हा आला नव्हता का?”

आला होता, असं मी म्हटलं.

“मग लिहिला का नाहीस?”

इंग्रजी शब्द सापडला नाही, असं सांगून मला सुटता आलं असतं. पण शब्द होता. पान उलटलं असतं तर दोषांच्या रकान्यात छापलेला होता. माझ्यापाशी धीर नव्हता. पीटला मातीचा वास येतो, असं सगळे म्हणत आणि पीट त्यांचं होतं. मला त्यात माजघरातली चादर दिसते, म्हणजे माझंच नाक परकं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “उद्यापासून आधी तुझ्या भाषेत लिही. आमच्या भाषेत नंतर आणू.” त्यांची आजी गेलिक बोलायची. पीटला ती ‘मोन्ये’ म्हणायची, आणि पीट ओलं आहे, कोवळं आहे की चांगलं जळणारं आहे, हे ती हातात घेऊन, हुंगून सांगायची, असं त्यांनी सांगितलं.

पुढच्या मे महिन्यात मी आयलाला गेले. केनाक्रेगहून बोट निघते आणि दोन तासांच्या वर लागतात. बेटावर माणसं तीनेक हजार, झाडं थोडी आणि वारा पुष्कळ. लाकूड कमी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चुलीत पीटच जाळत आले. दलदलीच्या कडेला लांब पात्याच्या फावड्याने कापलेल्या काळ्या, लोण्यासारख्या गुळगुळीत विटा वाऱ्यावर वाळायला मांडल्या होत्या. लाफ्रॉइग डिस्टिलरी आपल्या गरजेचं काही सातू तेव्हा स्वतःच्या फरशीवर मोड आणून, स्वतःच्या भट्टीत धुरवत असे. भट्टीच्या तोंडाशी उभी राहिले तेव्हा आग जवळजवळ दिसतच नव्हती. ज्वाळा उठू द्यायची नसते, धुमसत ठेवायचं असतं. ज्वाळा झाली की नुसती उष्णता मिळते. धुमसलं तर धूर, आणि तो वरच्या जाळीतून ओल्या धान्यात शिरतो.

आणि तो वास मला ओळखीचा निघाला. फाल्गुन-चैत्रात आमच्याकडे भाजावळ होते. भाताच्या रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, कवळ, पातेरा यांचे थर देतात, वर माती पसरतात आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवतात. माती असते म्हणून भडका होत नाही, राब रात्रभर धुमसत राहतो. पाला, शेण आणि माती एकत्र जळाल्याचा तो वास सकाळी सगळ्या वाडीवर पसरलेला असे. शाळेत जाताना आमच्या केसांना, गणवेशाला तोच वास. दोन्हीकडे माती आणि पाला कोंडून जाळायचा, ज्वाळा दाबायची आणि धूर ठेवायचा, रीत तीच. पीटच्या वासाला माझ्यापाशी शब्द नव्हता असं नाही. सातवीत असल्यापासून होता.

त्या संध्याकाळी लॉख इंडाल या खाडीच्या काठी बसून मी पाच वर्षांची, भरपूर धुराची व्हिस्की चाखली. पिंपातून काढलेली, पाणी न घातलेली. काम म्हणून नाही, म्हणून सावकाश. रंग ताकाच्या निवळीसारखा फिकट. नाकाशी नेताच पहिलं आलं ते काळं फिनाईल: तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली नुकती पुसलेली फरशी. यात नवल नाही. फिनाईलमध्येही क्रेसॉलच असतात आणि त्यांचं भावंड फिनॉल, म्हणजे जुनं कार्बोलिक ॲसिड, वापरून जोसेफ लिस्टरने 1865मध्ये ग्लासगोत जखमा निर्जंतुक करायला सुरुवात केली. तो वास ओसरू दिला तर मागून डांबर आलं आणि मग भाजावळ. चमचाभर पाणी घातलं. पाणी घातल्यावर कोवळी व्हिस्की मोकळी होते. आता लिंबाची साल आली, अर्धकच्च्या पेरूचा हिरवटपणा आला, आणि सगळ्यात शेवटी, मला अनपेक्षित असं, सातूचं पीठ. उन्हाळ्यात गूळ आणि दूध घालून आजी द्यायची ते. पिंपात फार वर्षं गेली असती तर व्हॅनिला आणि मधाखाली हे पीठ झाकलं गेलं असतं. जिभेवर आधी गोड, मग मिऱ्यासारखं तिखट, मग निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा खारटपणा. घोट गेल्यावर बराच वेळ तोंडात राख राहिली, रात्री विझलेल्या चुलीतली.

मी वहीत हे सगळं मराठीत लिहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी लिहिलेल्या प्रत्येक शब्दाची मला खात्री होती.

कोवळी म्हणजे कच्ची, असं व्हिस्कीच्या दुनियेत पुष्कळजण मानतात. वय जितकं जास्त तितकी किंमत, हे गणित दुकानातल्या फळीवर दिसतंच. पण याच बेटावर किलहोमन ही डिस्टिलरी 2005मध्ये उभी राहिली आणि 2009मध्ये तिने आपली तीन वर्षांची व्हिस्की लोकांसमोर ठेवली. ऑक्टोमोर तर बहुतेक वेळा पाचव्या वर्षीच बाटलीत जाते. धुराचा जोर असतो तोवर ती काढायची, हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. वय सगळीकडे एका वेगाने चालतही नाही. स्कॉटलंडच्या गारव्यात पिंपातून वर्षाला दोनेक टक्के व्हिस्की उडून जाते. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट मुरते, तिथल्या उकाड्यात उडून जाण्याचं प्रमाण कितीतरी जास्त, आणि लाकडाचा रंग आणि चवही तितकीच झपाट्याने चढते. वर्षं मोजून व्हिस्की कळत नाही, ती हुंगावी लागते. कोवळ्या व्हिस्कीला कोवळी म्हणूनच पाहावं, मी तिला माफ करत नाही आणि तिची घाईही करत नाही. धार नीट तोडलेली असेल, पिंप निरोगी असेल, तर तिच्यात उणं काही नसतं.

पुढे एकदा गावी गेले तेव्हा बोटाएवढ्या बाटलीत थोडा नमुना नेला होता. आईने त्याला तोंड लावावं अशी माझी इच्छा नव्हती आणि तिनेही लावलं नसतं. मी काम काय करते, एवढंच तिला दाखवायचं होतं. ओटीवर बसून तिच्या तळहातावर दोन थेंब टाकले. हात एकमेकांवर घासले की अल्कोहोल उडून जातं आणि खालचा वास राहतो, नवीन माणसाला आम्ही असंच शिकवतो. तिने हात चोळले, डोळे मिटले, ओंजळ नाकाशी धरली. तिचा चेहरा आक्रसेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “हा तर बाळंतिणीच्या खोलीचा वास.”

मी विचारलं, म्हणजे कसा?

“शेगडी धुमसतेय. वर ओवा टाकलाय धुरीला. आणि सुईणबाईंनी हात धुतलेत डेटॉलने.” थोडं थांबून म्हणाली, “तुझ्या वेळी असाच होता.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. शेगडीच्या धुरात ग्वायकॉल असतं. डेटॉलमधलं औषध हे फिनॉलच्याच कुळातलं. आणि ओव्याला ज्याचा वास येतो ते थायमॉल, तेही रसायनशास्त्राच्या हिशेबाने फिनॉलच. आईने तीन वास सांगितले होते आणि तिन्ही एकाच घराण्यातले निघाले. कुठली यादी तिने पाहिली नव्हती, पीट हा शब्द ऐकला नव्हता. आपल्याला काय वास आला, एवढंच तिने सांगितलं होतं, दुसऱ्याला काय ऐकायचं आहे याचा विचार न करता.

मग तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, “वास चांगलाय. पण ती बाटली देवघरापासून लांब ठेव.” मी ठेवली.

आता खोलीत नवीन माणसं आली की तयारीचं काम माझ्याकडे असतं. यादी मी त्यांना दुसऱ्या आठवड्यात देते. पहिल्या आठवड्यात कोऱ्या कागदावर, आपल्या घरच्या भाषेत, जे आठवेल ते लिहायचं. मला ते वाचता आलं नाही तरी चालतं, त्यांनी मला समजावून सांगायचं. मी स्वतःही तसंच करते. आमच्या छापील कागदाला डावीकडे रुंद समास आहे. धुरकट नमुना आला की आधी त्या समासात देवनागरीत लिहिते, मग उजवीकडे यादीतला शब्द शोधते, गरज पडली तर पान उलटून.

गेल्या आठवड्यात ट्रेमधला शेवटचा ग्लास पाच वर्षांच्या व्हिस्कीचा होता. झाकण सरकवलं, एक श्वास घेतला आणि समासात लिहिलं: भाजावळ, काळं फिनाईल, सातूचं पीठ. मग पुन्हा एकदा वास घेतला, चादर कुठे आहे का ते पाहायला. नव्हती. सही केली आणि ट्रे पुढे पाठवला.